कृत्रिम बुद्धिमत्ता आणि माध्यमिक विद्यार्थ्याचे अध्ययन : भिलाई-३ मधील मराठी भाषक विद्यार्थ्याच्या संदर्भात

प्रास्ताविक

३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय या अमेरिकन संस्थेने चॅटजीपीटी हे संवादसाधन सर्वांसाठी खुले केले. त्यानंतर अल्पावधीतच शालेय शिक्षणाच्या क्षेत्रात एक नवा प्रश्न उभा राहिला. तोवर 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा विषय संगणकशास्त्राच्या अभ्यासकांपुरता मर्यादित होता. आता तो दहावीच्या विद्यार्थ्याच्या गृहपाठाच्या वहीत येऊन पोहोचला. शिक्षणाच्या इतिहासात नवी साधने वेळोवेळी आली आहेत. मुद्रित ग्रंथ, गाईड किंवा हिंदी प्रदेशातील 'कुंजी', गणकयंत्र आणि आंतरजाल या प्रत्येकाच्या आगमनाबरोबर विद्यार्थ्याची बुद्धी मंदावेल अशी भीती व्यक्त झाली. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात तर प्रत्यक्ष लेखनकलेविरुद्धच असा आक्षेप नोंदलेला आढळतो. त्यामुळे आजची भीती ही जुन्याच भीतीची नवी आवृत्ती आहे, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे.

परंतु एक मूलभूत फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. गाईडमधील उत्तर स्थिर असते. एकाच गाईडवरून वीस विद्यार्थ्यांनी उत्तर उतरविले तर शिक्षकाला ते पहिल्या वाक्यातच ओळखता येते. नवे साधन उत्तर साठवून ठेवत नाही, ते घडविते. प्रत्येक वेळी वेगळे, प्रश्नकर्त्याच्या भाषेत, त्याने सांगितलेल्या लांबीचे आणि त्याच्या इयत्तेला शोभेल असे उत्तर ते देते. आजवर विद्यार्थ्याने वाक्य लिहिले म्हणजे त्याने किमान विचार तरी केला, असे शिक्षक गृहीत धरीत असे. लेखन आणि विचार यांच्यातील हे नाते या साधनाने प्रथमच सैल केले आहे. म्हणून विद्यार्थी हे साधन कशासाठी वापरतात, त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतात आणि त्यांच्या अध्ययनावर त्याचा काय परिणाम होतो, हे तीन प्रश्न महत्त्वाचे ठरतात. ज्याची घरची भाषा एक आणि शाळेची भाषा दुसरी आहे, अशा विद्यार्थ्याच्या बाबतीत त्यांत चौथ्या प्रश्नाची भर पडते. तो प्रश्न भाषेचा होय.

भिलाई-३ : स्थळ आणि भाषास्थिती

छत्तीसगढ राज्यातील दुर्ग जिल्ह्यात, मुंबई-हावडा लोहमार्गावर आणि रायपूर-दुर्ग महामार्गालगत भिलाई-३ ही वस्ती आहे. चरोदा येथील रेल्वेचे विस्तीर्ण मार्शलिंग यार्ड तिला लागूनच असून दोन्ही मिळून भिलाई-चरोदा हे नगरक्षेत्र बनले आहे. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभा राहिला. त्याविषयीचा करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. कारखाना आणि रेल्वे या दोहोंच्या निमित्ताने देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे आली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती.

तथापि या प्रदेशाशी मराठीचा संबंध कारखान्याहून कितीतरी जुना आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होते. बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथून १७८७ पर्यंत कारभार पाहिला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर हा मुलूख ब्रिटिश अमलाखाली गेला. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून निघालेल्या 'छत्तीसगढ मित्र' या हिंदी मासिकाचे संपादक माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर आणि प्रकाशक वामन बळीराम लाखे ही तिन्ही नावे मराठी आहेत. सप्रे यांनी पुढे समर्थ रामदासांचा 'दासबोध' आणि लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले. राजनांदगाव येथे १९५८ पासून अध्यापन करणारे गजानन माधव मुक्तिबोध हे मराठी मातृभाषेचे हिंदी कवी. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले. दोन भाषांच्या मध्ये उभे राहून ज्ञानव्यवहार करण्याची ही परंपरा भिलाई-३ च्या मराठी विद्यार्थ्याला वारशाने लाभलेली आहे, जरी त्याला तिची जाणीव नसली तरी.

आज या विद्यार्थ्याचे भाषिक जीवन अनेक स्तरांवर विभागलेले असते. घरात नागपुरी वळणाची मराठी, गल्लीत आणि बाजारात हिंदी व छत्तीसगढी, शाळेत माध्यमानुसार हिंदी किंवा इंग्रजी, आणि भ्रमणध्वनीवर रोमन लिपीत लिहिलेली हिंदी, असा हा व्यवहार चालतो. २०२० मध्ये राज्य शासनाने स्वामी आत्मानंद शासकीय इंग्रजी माध्यम शाळांची योजना सुरू केल्यानंतर इंग्रजी माध्यम हे केवळ सधन वर्गापुरते राहिलेले नाही. त्याच वर्षी टाळेबंदीच्या काळात 'पढई तुंहर दुआर' हा राज्याचा दूरस्थ अध्ययनाचा उपक्रमही सुरू झाला. ज्या मुलांपर्यंत तो पडद्यावाटे पोहोचू शकला नाही, त्यांच्यासाठी पुढे मोहल्ल्यात वर्ग भरवावे लागले. साधन उपलब्ध करून दिल्याने अध्ययन आपोआप घडत नाही, त्याला जवळच्या माणसाची जोड लागते, हा धडा त्या अनुभवातूनच मिळालेला आहे.

साधनाचे स्वरूप

या साधनाच्या मुळाशी 'भाषाप्रारूप' असते. प्रचंड प्रमाणातील लिखित मजकुरावरून कोणत्या शब्दांशानंतर कोणता शब्दांश येण्याचा संभव अधिक आहे, याचे गणित ते शिकते आणि त्या आधारे एकेक तुकडा जोडीत वाक्य सिद्ध करते. या तुकड्यांना 'टोकन' असे म्हणतात. विधान सत्य आहे की नाही, हे तपासणे हा या प्रक्रियेचा मूळ हेतू नव्हे. विधान संभाव्य वाटावे, हा आहे. म्हणून चुकीचे उत्तरही ते बरोबर उत्तराइतक्याच आत्मविश्वासाने आणि तितक्याच सुघड भाषेत देऊ शकते. वर्गात चुकणारा विद्यार्थी अडखळतो, त्यामुळे त्याची चूक ऐकू येते. यंत्राची चूक अडखळत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. ज्या मजकुरावर ही प्रारूपे घडविली जातात त्यांत इंग्रजीचा वाटा फार मोठा आणि मराठीचा फार लहान असतो. शिवाय टोकनांची विभागणी करताना देवनागरीतील शब्दाचे इंग्रजी शब्दापेक्षा सामान्यतः अधिक तुकडे पडतात. नव्या प्रारूपांत ही तफावत कमी होत चालली असली तरी नाहीशी झालेली नाही. भारतीय भाषांसाठी केंद्र शासनाचा 'भाषिणी' हा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला आणि चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत 'एआय४भारत' या गटाचे कार्य चालू आहे. मराठीचा त्यांत समावेश आहे. परंतु ज्या भाषेत लिहिले जाईल तीच यंत्राला येईल, हा नियम या प्रकल्पांनाही चुकलेला नाही.

वापर आणि दृष्टिकोन

शालेय विद्यार्थ्याचा या साधनाचा वापर स्थूलमानाने चार प्रकारांत विभागता येतो. पहिला शंकानिरसनाचा, म्हणजे न समजलेला भाग पुन्हा समजावून घेण्याचा. दुसरा उत्तरनिर्मितीचा, म्हणजे निबंध, प्रकल्प किंवा गृहपाठ तयार करवून घेण्याचा. तिसरा भाषांतराचा आणि चौथा सरावाचा, म्हणजे प्रश्न विचारून घेऊन स्वतःची परीक्षा घेण्याचा. हे चारही वापर एकाच पडद्यावर, एकाच संध्याकाळी घडू शकतात. त्यामुळे 'विद्यार्थी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरतो का' या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर मिळाले तरी त्यातून फारसा बोध होत नाही. तो कोणत्या प्रकारे वापरतो, हाच खरा प्रश्न होय.

विद्यार्थ्यांच्या दृष्टिकोनाविषयी अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटर या संस्थेची पाहणी उद्बोधक आहे. तेथील १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांपैकी २०२३ मध्ये १३ टक्के मुलांनी शाळेच्या कामासाठी चॅटजीपीटी वापरल्याचे सांगितले होते. २०२४ मध्ये हे प्रमाण २६ टक्क्यांवर गेले. अधिक महत्त्वाची गोष्ट मुलांनी स्वतःच केलेल्या भेदाची आहे. नव्या विषयाची माहिती मिळविण्यासाठी हे साधन वापरणे योग्य आहे, असे ५४ टक्के मुलांना वाटले. गणिते सोडविण्यासाठी २९ टक्के मुलांना, तर निबंध लिहिण्यासाठी केवळ १८ टक्के मुलांना ते योग्य वाटले. अर्थात माहिती दुसऱ्याकडून घ्यावी, पण वाक्य आपले असावे, ही नैतिक जाणीव मुलांमध्ये आहे. प्रौढांनी ती बाहेरून लादण्याची गरज नाही. ती टिकेल अशी परिस्थिती निर्माण करण्याची गरज आहे.

भिलाई परिसराच्या संदर्भात ही जाणीव एका वेगळ्या दबावाखाली येते. अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी भिलाईचा लौकिक आहे आणि २०१६ मध्ये स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था दुर्ग जिल्ह्यातच कुटेलाभाठा येथे आहे. अशा वातावरणात शाळेच्या निबंधाला आणि भाषाविषयक प्रकल्पाला दुय्यम स्थान मिळते. भौतिकशास्त्राचे गणित स्वतः सोडविले पाहिजे, कारण परीक्षेत तेच येणार. निबंध मात्र यंत्राकडून करून घेतला तरी बिघडत नाही, असा व्यवहारी हिशेब त्यातून तयार होण्याचा संभव असतो. यंत्राच्या वापराचा प्रश्न अशा रीतीने भाषेच्या प्रतिष्ठेच्या प्रश्नाशी जोडला जातो. जो विषय गौण मानला जातो, तोच प्रथम यंत्राच्या स्वाधीन होतो.

या साधनाचा एक उपकारक गुणही नमूद केला पाहिजे. मोठ्या वर्गात प्रश्न विचारण्यास संकोचणारा विद्यार्थी यंत्राला तोच प्रश्न दहा वेळा विचारू शकतो. रेल्वे यार्डातील पाळी संपवून परतलेल्या वडिलांना इंग्रजी माध्यमातील विज्ञान समजावून देणे जमत नसेल, आणि खाजगी शिकवणीचा खर्च परवडत नसेल, तर अशा घरात हे साधन म्हणजे चैन नव्हे. १९८४ मध्ये शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी असे दाखविले होते की, वैयक्तिक मार्गदर्शन मिळालेला विद्यार्थी सामूहिक वर्गातील विद्यार्थ्याच्या फार पुढे जातो. तसे मार्गदर्शन प्रत्येकाला मिळवून देण्याची आशा या यंत्रात आहे. म्हणूनच त्यावर सरसकट बंदी घालणे हे ज्यांच्याकडे दुसरा आधार नाही त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल.

अध्ययनावरील परिणाम

ही आशा कितपत फलद्रूप होते, याचे एक काटेकोर परीक्षण तुर्कस्तानात झाले. तेथील एका माध्यमिक शाळेतील सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर २०२३ मध्ये गणितविषयक प्रयोग करण्यात आला; पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशी संबंधित संशोधकांचे हे कार्य २०२४ मध्ये प्रसिद्धीस आले. विद्यार्थ्यांचे तीन गट करण्यात आले. एका गटाने केवळ पुस्तक व टिपणे यांच्या साहाय्याने सराव केला. दुसऱ्या गटाला साधे संवादसाधन दिले. तिसऱ्या गटाला दिलेले साधन उत्तर न सांगता केवळ सूचना देत असे. त्यातील सूचना शिक्षकांनी तयार केल्या होत्या. सरावाच्या वेळी पहिल्या गटाच्या तुलनेत दुसऱ्या गटाची कामगिरी ४८ टक्क्यांनी, तर तिसऱ्याची १२७ टक्क्यांनी सरस ठरली. त्यानंतर यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली असता दुसरा गट, ज्यांना यंत्र कधी मिळालेच नव्हते त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. तिसऱ्या गटाचे असे नुकसान झाले नाही. मात्र परीक्षेत तो लक्षणीयरीत्या पुढेही गेला नाही.

या प्रयोगातील सर्वांत मननीय बाब म्हणजे दुसऱ्या गटातील विद्यार्थ्यांना आपले नुकसान झाल्याची जाणीवच झाली नव्हती. सरावाची सुलभता त्यांनी आकलन समजून घेतली. विद्यार्थ्याचा स्वतःविषयीचा अंदाज येथे विश्वासार्ह राहत नाही, हे यावरून स्पष्ट होते. 'मला याचा उपयोग होतो' असे विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे सांगितले तरी ते सांगणे पुरेसा पुरावा ठरत नाही.

याची कारणमीमांसा मानसशास्त्रात आधीच झालेली आहे. वाचलेल्या शब्दापेक्षा स्वतः जुळवून काढलेला शब्द अधिक काळ स्मरणात राहतो, हे स्लॅमेका आणि ग्राफ यांनी १९७८ मध्ये प्रयोगाने दाखविले. अडखळणे, आठवण्याचा प्रयत्न करणे, चुकणे आणि दुरुस्त करणे हे अध्ययनातील अडथळे नसून अध्ययनाची अंगेच होत. यंत्र हे अडथळे दूर करते तेव्हा ते कधी श्रम वाचविते, तर कधी शिकणेच वाचविते.

एका साध्या उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. चरोद्याच्या रेल्वे वसाहतीत राहणारी दहावीतील एक विद्यार्थिनी कल्पावी. ६ ओहम आणि ३ ओहम रोध समांतर जोडले असता एकूण रोध किती, असा प्रश्न तिच्यापुढे आहे. तिने हा प्रश्न जसाच्या तसा यंत्राला दिला तर २ ओहम हे उत्तर रीतीसह मिळेल आणि ते वहीत उतरेल. परंतु तिने असे लिहिले की, 'दोन अडथळे असताना अडथळा वाढायला हवा, तो कमी कसा होतो, हे मला पटत नाही. उत्तर न सांगता मला समजावून द्या', तर चित्र पालटते. प्रवाहाला दुसरी वाट मिळाली, हे तिला उमगू शकते. स्थानकावर तिकिटाची दुसरी खिडकी उघडली की गर्दी लवकर सरते, हा तिच्या रोजच्या पाहण्यातील अनुभव तेथे उपयोगी पडतो. दोन्ही वेळा यंत्र तेच आहे. फरक आहे तो प्रश्नात. आणि दुसरा प्रश्न विचारण्यासाठी तिला आधी स्वतःच्या न समजण्याला शब्द द्यावे लागतात. हे शब्द तिला कोणत्या भाषेत सुचतील, हा पुढचा मुद्दा होय.

पश्चिम आफ्रिकेतील अनुभव या दृष्टीने आशादायक आहे. नायजेरियातील एडो राज्यात २०२४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने शाळा सुटल्यानंतरचे वर्ग सहा आठवडे चालविण्यात आले. तेथे विद्यार्थी जोडीजोडीने, शिक्षकांच्या देखरेखीखाली या साधनाचा वापर करीत होते, आणि त्यांच्या इंग्रजीत चांगली प्रगती आढळली. तुर्कस्तान आणि नायजेरिया यांच्या निष्कर्षांत वरवर दिसणारा विरोध शिक्षकाच्या उपस्थितीचा विचार केला असता बऱ्याच अंशी मावळतो.

मराठी भाषक विद्यार्थ्याचा विशेष प्रश्न

हिंदी आणि मराठी यांची लिपी एक आणि तत्सम शब्दसंपदा बव्हंशी समान आहे; परंतु त्याच शब्दांचे अर्थ अनेक ठिकाणी वेगळे आहेत. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, तर मराठीत दंड. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीत 'संसार' म्हणजे जग, मराठीत प्रपंच. हिंदीत 'आपत्ति' हा आक्षेप असू शकतो, मराठीत 'आपत्ती' हे केवळ संकट. हिंदीत दोनच लिंगे आहेत, मराठीत तीन. हिंदीतील 'हम' या एका सर्वनामासाठी मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' अशी दोन सर्वनामे असून त्यांच्या निवडीवर ऐकणारा आत आहे की बाहेर, हे ठरते. ज्या यंत्राकडे हिंदी मजकूर अधिक आणि मराठी कमी आहे, त्याने घडविलेल्या मराठीत हिंदीचे वळण शिरण्याचा धोका राहतो.

पुण्यातील किंवा कोल्हापुरातील विद्यार्थ्याला असे वाक्य वाचताच खटकेल. भिलाई-३ मधील विद्यार्थ्याच्या बाबतीत परिस्थिती निराळी आहे. त्याच्या स्वतःच्या मराठीवरही हिंदीचा प्रभाव असतो. यंत्राचा आणि परिसराचा प्रभाव एकाच दिशेने वाहत असल्यामुळे यंत्राची चूक त्याला चूक वाटत नाही. उलट, घरात आजी बोलते ती 'करून राहिली', 'येऊन राहिला' अशी नागपुरी वळणाची क्रियारूपे यंत्राला दाखविली तर ते ती 'सुधारून' देण्याचा संभव असतो. परिणामी जी मराठी चुकीची आहे ती शुद्ध वाटावी आणि जी पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेली ती अशुद्ध वाटावी, असा विपर्यास घडू शकतो. शाळेत मराठी न शिकणाऱ्या मुलाजवळ या विपर्यासाविरुद्ध घरातील माणसांखेरीज दुसरा निर्णायक नसतो.

याच परिस्थितीची दुसरी बाजूही आहे. ज्याला दोन भाषा आतून ठाऊक आहेत, तो यंत्राचा उत्तम परीक्षक होऊ शकतो. 'शिक्षा' या शब्दाची दोन्ही भाषांतील वाक्ये यंत्राकडून भाषांतरित करून घेऊन ती तपासणे, हा आठवी-नववीच्या मुलांनाही रंजक वाटेल असा स्वाध्याय आहे. माधवराव सप्रे यांनी 'गीतारहस्या'सारखा ग्रंथ हिंदीत आणला तो प्रत्येक शब्दापाशी थांबून, दोन्ही भाषांतील अर्थाचा तोल पाहून. त्या थांबण्यातच भाषांतरकाराचे शिक्षण होते. यंत्र क्षणार्धात भाषांतर देते, ही सोय होय. परंतु ते थांबणे विद्यार्थ्याने गमावले तर दोन भाषांच्या मध्ये उभे राहण्याची त्याची परंपरागत शक्तीही तो गमावील.

संशय आणि न्याय

या साधनामुळे शिक्षक व विद्यार्थी यांच्या संबंधात संशयाचा शिरकाव झाला आहे. चांगले लिहिलेले उत्तर आता कौतुकाऐवजी शंकेस पात्र ठरू शकते. लिखाण यंत्राचे आहे की माणसाचे, हे ओळखण्याचा दावा करणारी साधने उपलब्ध आहेत. मात्र त्यांच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये अशा सात साधनांची परीक्षा घेतली. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध या साधनांनी यंत्रलिखित ठरविले. अमेरिकन आठवीच्या विद्यार्थ्यांचे निबंध मात्र त्यांनी जवळजवळ अचूक ओळखले. ओपनएआयने स्वतःचे असे साधन अचूकतेच्या अभावी जुलै २०२३ मध्ये मागे घेतले.

या विषमतेचे कारण समजण्यासारखे आहे. परकी भाषा शिकणारा विद्यार्थी मोजके, सरळ आणि अपेक्षित शब्द वापरतो. 'अपेक्षित शब्द' हीच यंत्राच्या लिखाणाचीही खूण मानली जाते. म्हणजे घरी मराठी बोलणाऱ्या, इंग्रजी माध्यमात कष्टाने प्रामाणिक निबंध लिहिणाऱ्या मुलीवरच अप्रामाणिकपणाचा आरोप येण्याचा संभव अधिक. चोरी पकडण्याच्या उत्साहात प्रामाणिक मुलाचा लेखनावरील विश्वास नाहीसा होणे, हे चोरीपेक्षा मोठे नुकसान होय. निबंध घेऊन त्यावर दोन मिनिटे तोंडी प्रश्न विचारणे, कच्चा खर्डा पाहणे, काही लेखन वर्गातच करवून घेणे हे जुनेच उपाय येथे अधिक न्याय्य आणि अधिक विश्वसनीय ठरतात.

शाळेची भूमिका

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९-२० पासून नववीसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय सुरू केला आणि त्यानंतर तो अकरावीसाठीही उपलब्ध झाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही या विषयाचा निर्देश आहे. इयत्ता तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता व संगणकीय विचारपद्धती यांचा अभ्यासक्रमात समावेश २०२६-२७ पासून करण्याचे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी शिकणे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली संगणकाच्या तासिकेत शिकविता येते. दुसरी मात्र भाषा, विज्ञान आणि इतिहास यांच्या प्रत्येक तासिकेचा विषय आहे, आणि तिची जबाबदारी केवळ संगणक शिक्षकावर टाकता येणार नाही.

वयाची आणि खाजगी माहितीची बाबही दुर्लक्षणीय नाही. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत वर्गातील अशा साधनांच्या वापरासाठी किमान १३ वर्षे वयाची मर्यादा सुचविली आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरते. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. विद्यार्थी यंत्राला केवळ गणित विचारीत नाही. परीक्षेची भीती आणि घरातील ताणही सांगतो. आपण काय सांगत आहोत आणि ते कोठे जाते, हे त्याला समजावून देणे पालक आणि शिक्षक दोघांचेही कर्तव्य आहे. घरात एकच भ्रमणध्वनी असेल आणि तो वडिलांच्या नावावर चालत असेल, तर वयाची अट कागदावरच राहते. अशा वेळी घरातील संवाद हाच खरा नियम ठरतो.

अध्यापनाच्या दृष्टीने सर्वांत फलदायी मार्ग म्हणजे यंत्राला उत्तर देता येणार नाही असे प्रश्न विचारणे. 'भारतातील पोलाद उद्योग' या विषयावर यंत्र सुबक निबंध देईल. 'आपले कुटुंब भिलाईला केव्हा आणि का आले, पहिले घर कोठे होते, तेव्हा घरात कोणती भाषा बोलली जात असे' हे मात्र त्याला सांगता येणार नाही; ते आजोबांना विचारावे लागेल. मुलाने आजोबांचे बोलणे त्यांच्याच मराठीत टिपून आणावे, मग हवे तर त्याचे हिंदी वा इंग्रजी भाषांतर यंत्राकडून करून घ्यावे आणि त्यात काय निसटले ते वर्गात सांगावे. अशा स्वाध्यायात यंत्राला जागा आहे, पण ती साहाय्यकाची. त्याचबरोबर ज्या मराठीचा लिखित मजकूर अत्यल्प आहे, तिची नोंदही यातून होते.

समारोप

भिलाईच्या कारखान्याची यंत्रे परदेशातून आली. त्यांची माहिती रशियन भाषेत होती आणि सुरुवातीला ती दुभाष्यांच्या मार्फत समजून घ्यावी लागली. परंतु केवळ यंत्रे आणि अनुवाद यांवर पोलाद तयार झाले नाही. अभियंते आणि कामगार यांनी जाणकारांच्या शेजारी उभे राहून ते काम हातात घेतले, तेव्हा ती विद्या येथली झाली. विद्यार्थ्याच्या हाती आलेल्या नव्या यंत्राच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते.

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, विद्यार्थ्यांचा या साधनाकडे पाहण्याचा दृष्टिकोन मुळात आंधळा नाही. माहिती घेणे आणि विचार उसना घेणे यांतील भेद त्यांना कळतो. तो भेद पाळणे मात्र त्यांच्या एकट्याच्या बळावर सोपविता येत नाही, कारण होणारे नुकसान त्यांना स्वतःला जाणवत नाही. ते जाणवून देणारा शिक्षक जवळ असेल, तर हेच साधन दुर्बल आर्थिक स्थितीतील मुलाचा आधार होऊ शकते. भिलाई-३ मधील मराठी मुलाच्या बाबतीत याहून एक गोष्ट अधिक पणाला लागली आहे. आपल्याला काय समजले नाही, हे माणूस प्रथम आपल्या जवळच्या भाषेत ओळखतो. ती भाषा घरात बोलली, ऐकली आणि थोडीतरी लिहिली जात राहिली, तर यंत्रापुढे बसलेला मुलगा केवळ उत्तर घेणारा राहणार नाही. ते उत्तर पारखून घेण्याचे साधन त्याच्याजवळ असेल.